औषधाचा निकाल आधी दाखवा, मग विकायला आणा

पहिल्या दिवशी १८ गोळ्या घ्यायच्या होत्या. सकाळी ९, रात्री ९. दुसऱ्या दिवसापासून रोज ८, सकाळी ४ आणि रात्री ४, आणि हे पहिला दिवस धरून जास्तीत जास्त १४ दिवस. २०२० च्या जूनमधे फॅबिफ्लू, म्हणजे फॅविपिराविर, बाजारात आली तेव्हा २०० मिलिग्रॅमच्या एका गोळीची किंमत १०३ रुपये होती आणि ३४ गोळ्यांची स्ट्रिप साडेतीन हजाराला. पूर्ण कोर्स १२२ गोळ्यांचा, हिशोब केला तर साडेबारा हजार रुपये, आणि तेही सौम्य किंवा मध्यम कोविड असलेल्या माणसासाठी, ज्यातले बहुतेक जण पॅरासिटामॉल आणि विश्रांतीवर घरीच बरे होत होते. तरी लोकांनी हे पैसे दिले, कारण घरात कोणी तापाने फणफणलेलं असताना डॉक्टरने लिहून दिलेलं औषध परवडत नाही म्हणून कोणी परत फिरत नाही. नंतर किंमत ७५ रुपयांवर आली, पण खप चालूच राहिला आणि २०२१ च्या एप्रिलमधे, दुसऱ्या लाटेत, हे देशातलं सगळ्यात जास्त विक्रीचं औषध झालं, एका महिन्यात ३५० कोटींच्या वर.

मग याचा पुरावा काय होता?

ट्रायल झाली होती, आणि हे मुद्दाम सांगतो, कारण 'काही अभ्यासच नव्हता' असं म्हणणं चूक आहे. ग्लेनमार्क ही मुंबईची कंपनी, तिने १५० पेशंटवर फेज ३ ट्रायल, म्हणजे शेवटच्या टप्प्यातली चाचणी, केली, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले, ७५ जणांना औषध आणि नेहमीचे उपचार, ७५ जणांना फक्त नेहमीचे उपचार. ट्रायल आधी रजिस्टर केलेली होती आणि पुढे रीतसर जर्नलमधे छापूनही आली. आपल्याकडे एवढंही कितीदा होत नाही, त्यामुळे त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण औषधाला परवानगी मिळाली १९ जूनला आणि ट्रायलचे ठळक निकाल कंपनीने जाहीर केले २२ जुलैला. आधी कळस मग पाया. गोळी महिनाभर दुकानात विकली जात होती आणि ती ज्या ट्रायलवर उभी होती तिचा निकाल लोकांसमोर यायचा होता.

आता निकाल काय आला ते नीट बघा, कारण सगळी मेख इथेच आहे. ट्रायल सुरू करण्याआधी एक प्रश्न ठरवावा लागतो, की आपण यश कशाला म्हणणार. त्याला प्रायमरी आउटकम म्हणतात. इथे तो होता घशातल्या स्वॅबमधे व्हायरस सापडायचा बंद व्हायला किती दिवस लागतात हा. औषधवाल्या गटात मधला आकडा ५ दिवस आला, दुसऱ्या गटात ७ दिवस. सातातून पाच गेले दोन, दोनला सातने भागा, २८.६ टक्के. 'व्हायरस २८.६ टक्के लवकर गेला' हे वाक्य असंच तयार झालं आणि सगळीकडे फिरलं. पण त्याच निकालात पी व्हॅल्यू होती ०.१२९. साध्या भाषेत, औषधात काहीही दम नसता तरी निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक १०० पैकी जवळजवळ १३ वेळा दिसला असता. जगभर यासाठी जी मर्यादा धरतात ती १०० पैकी ५ ची आहे. म्हणजे ज्या प्रश्नासाठी ट्रायल केली त्या प्रश्नाचं उत्तर 'सिद्ध झालं नाही' असं आलं होतं.

मग पुढे काय सांगितलं गेलं? दुसरा एक आकडा, 'क्लिनिकल क्युअर', म्हणजे ताप, श्वास, खोकला वगैरे बघून पेशंट बरा झाला असं डॉक्टरने ठरवणं. तिथे ३ दिवस विरुद्ध ५ दिवस, आणि हा फरक पी व्हॅल्यूच्या मर्यादेत बसत होता. म्हणून '४० टक्के लवकर बरे'. पण ही ट्रायल ओपन लेबल होती. कोणाला औषध चालू आहे आणि कोणाला नाही हे डॉक्टरलाही माहीत, पेशंटलाही माहीत. प्लासिबो, म्हणजे तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी, नव्हतीच. अशा वेळी ज्याने सकाळी ९ गोळ्या घेतल्यात त्याला विचारलं, कसं वाटतंय, तर तो काय म्हणेल, आणि ज्याला माहीत आहे की आपल्याला ते नवीन औषध मिळालंच नाही तो काय म्हणेल? यात कोणी खोटं बोलत नाही. डॉक्टरही प्रामाणिक आणि पेशंटही प्रामाणिक, पण अपेक्षा मोजमापात शिरते, आणि ती शिरू नये म्हणूनच तर ब्लाइंड ट्रायलचा एवढा खटाटोप करतात.

इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, नाहीतर आपण ओपन लेबल म्हटलं की सगळंच टाकाऊ असं धरून चालू. त्याच आठवड्यात, १६ जून २०२० ला, ब्रिटनच्या रिकव्हरी ट्रायलने डेक्सामेथासोनचा निकाल जाहीर केला. तीही ओपन लेबलच होती. पण तिचा प्रायमरी आउटकम होता २८ दिवसांत मृत्यू. माणूस जिवंत आहे की गेला हे ठरवताना डॉक्टरच्या मनात काय आहे याने फरक पडत नाही. आणि पेशंट होते २,१०४ औषधवाले, ४,३२१ बिनऔषधाचे. व्हेंटिलेटरवर असलेल्यांमधे मृत्यू ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर आले, नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांमधे २६.२ वरून २३.३ वर, आणि ज्यांना ऑक्सिजन लागलाच नव्हता त्यांना काही फायदा दिसला नाही. हा शेवटचा भाग पण तितकाच महत्त्वाचा, कारण कोणाला द्यायचं नाही हेही त्यातूनच कळलं. औषध कोणतं, तर कितीतरी वर्षं मेडिकलमधे मिळणारं, काही रुपयांचं स्टेरॉइड. मार्चमधे ट्रायल सुरू, जूनमधे उत्तर. त्यामुळे 'साथीच्या काळात नीट ट्रायल करायला वेळ कुठे असतो' हे मला पटत नाही. वेळ होता. एका देशाने आपल्या सरकारी हॉस्पिटलांना एकच साधा प्रश्न विचारायला लावला आणि शंभर दिवसांच्या आसपास जगाला कामाला येणारं उत्तर दिलं.

बरं, ते ब्रिटन आहे, आपल्याला जमत नाही, असंही नाही. आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, प्लाझ्माची, म्हणजे कोविडमधून बरे झालेल्यांच्या रक्तातला द्रव पेशंटला देण्याची, प्लॅसिड ट्रायल केली ती ३९ सरकारी आणि खाजगी हॉस्पिटलांमधे, ४६४ पेशंटवर, २२ एप्रिल ते १४ जुलै २०२०, अगदी धामधुमीत. प्रश्न स्पष्ट होता: मध्यम आजारी पेशंट गंभीर होतो का, किंवा २८ दिवसांत दगावतो का. उत्तर आलं, प्लाझ्मा दिलेल्यांत ४४ जण, म्हणजे १९ टक्के, न दिलेल्यांत ४१ जण, म्हणजे १८ टक्के. फरक नाही. ऑक्टोबर २०२० मधे बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय जर्नलमधे छापून आलं. मला या ट्रायलचा खरंच अभिमान वाटतो, कारण आशा सगळ्यांनाच होती, सरकारलाही होती, आणि तरी 'नाही' हे उत्तर जसंच्या तसं मांडलं गेलं.

आणि मग एप्रिल-मे २०२१ मधे काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'बी पॉझिटिव्ह प्लाझ्मा हवा, अर्जंट', पोरं रात्री दोन वाजता डोनर शोधत रक्तपेढ्यांच्या दारात, ज्या घरात आधीच ऑक्सिजन आणि बेडची मारामार त्यांच्या अंगावर हे अजून एक काम. आपल्याच देशाच्या ट्रायलने सात महिन्यांपूर्वी सांगितलेलं होतं की याने फरक पडत नाही. राष्ट्रीय गाइडलाइनमधून प्लाझ्मा निघाला १७ मे २०२१ ला, तोही रिकव्हरीचा ११ हजारांहून जास्त पेशंटचा निकाल आल्यावर. त्या सात महिन्यांत डोनरच्या मागे धावण्यात गेलेला प्रत्येक तास त्या माणसांना आपल्या पेशंटजवळ बसता आलं असतं, हे मला आजही सहन होत नाही.

म्हणजे प्रश्न नुसता वाईट ट्रायलचा नाही. चांगल्या ट्रायलचं 'नाही' ऐकलं जात नाही आणि कच्च्या ट्रायलचं 'हो' लगेच दुकानात पोचतं, ही खरी अडचण आहे. आणि हे फक्त आपल्याकडे होतं असंही नाही. अमेरिकेत २००८ साली एरिक टर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डिप्रेशनवरच्या १२ औषधांच्या ७४ ट्रायल एफडीए, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेच्या, फाइलींमधून काढून बघितल्या. एफडीएच्या मते ३८ मधे औषध चाललं होतं, त्यातल्या ३७ छापून आल्या. उरलेल्या ३६ मधे चाललं नव्हतं किंवा शंका होती, त्यातल्या २२ छापल्याच नाहीत, ११ अशा छापल्या की वाचणाऱ्याला वाटावं चाललं, आणि जसं झालं तसं सांगणाऱ्या फक्त ३. आता एखादा डॉक्टर अगदी मन लावून सगळे छापील पेपर वाचायला बसला तर त्याला काय दिसणार? जवळपास सगळीकडे यश. तो कितीही हुशार असला तरी जे छापलंच नाही ते त्याने वाचायचं कुठून.

यावर उपाय म्हणून सिस्टिमॅटिक रिव्ह्यू आले. एका विषयावरच्या सगळ्या ट्रायल शोधायच्या, आधी लिहून ठेवलेल्या नियमाने निवडायच्या, प्रत्येकीत कुठे कल असू शकतो ते तपासायचं आणि मग आकडे एकत्र करून एक उत्तर काढायचं, या शेवटच्या पायरीला मेटा-अ‍ॅनालिसिस म्हणतात. पद्धत म्हणून मला हे मानवी बुद्धीच्या सगळ्यात प्रामाणिक कामांपैकी एक वाटतं. पण ती पद्धत एका गृहीतावर उभी आहे, की पेपरमधे जे लिहिलंय ते खरंच घडलंय. आयव्हरमेक्टिनने हे गृहीतच मोडलं.

आयव्हरमेक्टिन हे मुळात फार मोलाचं औषध आहे, त्याच्या शोधाला २०१५ चं नोबेल मिळालं, जंतांसाठी आणि आपल्याकडे हत्तीरोगाच्या मोहिमेतही ते वापरतात. २०२० च्या नोव्हेंबरमधे इजिप्तमधून एका अभ्यासाचा प्रीप्रिंट, म्हणजे तज्ज्ञांनी तपासण्याआधीच ऑनलाइन टाकलेला पेपर, आला, त्यात म्हटलं होतं की कोविडमधे याने मृत्यू ९० टक्क्यांहून जास्त कमी होतात. एवढा मोठा आकडा आणि पेशंटही भरपूर, त्यामुळे मेटा-अ‍ॅनालिसिसमधे या एका अभ्यासाचं वजन प्रचंड पडलं. अँड्र्यू हिल या संशोधकांच्या गटाने आयव्हरमेक्टिनच्या ट्रायल एकत्र केल्या तेव्हा मृत्यू ५६ टक्क्यांनी कमी असं निघालं.

मग लंडनमधे शिकणारा जॅक लॉरेन्स नावाचा मेडिकलचा विद्यार्थी तो पेपर वाचायला बसला. त्याला भाषा उचललेली वाटली. मूळ डेटाची फाइल एका साइटवर पासवर्ड लावून ठेवलेली होती, त्याने अंदाजाने १२३४ टाकलं आणि फाइल उघडली. आत काय होतं? अभ्यास ८ जूनला सुरू झाला असं पेपर सांगतो, पण मेलेल्यांपैकी बरेच जण त्याआधीच मेलेले. एका पेशंटला डिस्चार्ज ३१ जूनला, जी तारीख कुठल्याच कॅलेंडरमधे नाही. वय १८ ते ८० असं म्हटलेलं, पण फाइलमधे त्याहून लहानही. आणि पेशंटच्या ओळीच्या ओळी एकमेकींची नक्कल वाटाव्यात अशा, किमान ७९ नोंदी. १४ जुलै २०२१ ला तो प्रीप्रिंट मागे घेतला गेला. नंतर काही जणांनी बाकीच्या ट्रायलचाही मूळ डेटा मागितला, तर आणखी ठिकाणी असलेच घोळ. हे संशयास्पद अभ्यास बाजूला काढल्यावर हिल यांच्या गणितातला जीव वाचवण्याचा फायदा उडून गेला, आणि त्यांनी आधीचा पेपर मागे घेऊन दुरुस्त करून पुन्हा छापला, हा त्यांचा मोठेपणा. पुढे ब्राझीलमधे १,३५८ पेशंटवर प्लासिबो देऊन नीट ट्रायल झाली, २०२२ मधे छापली, हॉस्पिटलमधे जायची वेळ औषध घेतलेल्यांपैकी १४.७ टक्क्यांवर आणि न घेतलेल्यांपैकी १६.३ टक्क्यांवर, म्हणजे खात्रीने काही सांगता येईल असा फरक नाही.

आता तारखा जुळवून बघा. १० मे २०२१ ला गोव्याचे आरोग्यमंत्री विश्वजित राणे यांनी जाहीर केलं की १८ वर्षांवरच्या सगळ्यांना, कोविड असो नसो, १२ मिलिग्रॅम आयव्हरमेक्टिन ५ दिवस द्यायचं. युके, इटली, स्पेन, जपानच्या तज्ज्ञांचा दाखला दिला. लगेचच जागतिक आरोग्य संघटनेच्या तेव्हाच्या मुख्य शास्त्रज्ञ सौम्या स्वामिनाथन यांनी सांगितलं की संघटना याच्या विरोधात आहे, ट्रायलपुरतंच वापरा. हे औषध बनवणाऱ्या मर्क कंपनीने तर फेब्रुवारीतच म्हटलं होतं की कोविडवर याचा अर्थपूर्ण पुरावा नाही. म्हणजे ज्याला विकून फायदा झाला असता तोच नको म्हणत होता. पण गोव्यात त्या दिवसांत ऑक्सिजनअभावी माणसं मरत होती आणि सरकारला लोकांच्या हातात काहीतरी द्यायचं होतं. ती धडपड मला समजते. राणेंच्या जागी दुसरा कोणी असता तरी कदाचित हेच केलं असतं. म्हणूनच माणसाच्या भल्या-वाईट हेतूवर हे सोडता येत नाही. जो पुरावा समोर ठेवला जातोय तो आतून तपासला गेलाय का, हे विचारणारी यंत्रणा निर्णयाच्या आधी उभी असायला हवी, आणि मे महिन्यात इजिप्तच्या त्या फाइलमधले घोळ अजून जगासमोर आलेले नव्हते.

आपल्याकडे या यंत्रणेचा अर्धा सांगाडा तयार आहे. क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री, सीटीआरआय, २००७ पासून आहे. १५ जून २००९ पासून नोंदणी सक्तीची, १ एप्रिल २०१८ पासून पहिला पेशंट घेण्याआधीच नोंदणी. कोणीही उघडून औषधाचं नाव टाकून बघू शकतं, फुकट. प्रायमरी आउटकम काय ठरवला होता, किती पेशंट घ्यायचे होते, ब्लाइंड होती का, पैसे कोणाचे, सगळं तिथे असतं. पण नोंदणीची सक्ती जेवढी कडक आहे तेवढी निकालाची नाही. ट्रायल सुरू झाली हे कळतं, तिचं पुढे काय झालं हे बऱ्याचदा कळत नाही. आयसीएमआरने २०१७ मधे जागतिक आरोग्य संघटनेच्या जाहीरनाम्यावर सही केलेली आहे की ट्रायल संपल्यावर १२ महिन्यांत मुख्य निकाल रजिस्ट्रीत मांडले जावेत. हीच अट औषधाच्या परवानगीला जोडली पाहिजे, सरकारी पैशाच्या ट्रायलला आणि कंपनीच्या ट्रायलला सारखीच. आणि निकाल म्हणजे कंपनीची प्रेस नोट नव्हे, तर आधी ठरवलेल्या प्रत्येक आउटकमचा आकडा, तो चुकला असेल तर चुकला असं पहिल्या ओळीत.

यावर नेहमी येणारा आक्षेप म्हणजे पेशंटची खाजगी माहिती. तो खरा आहे, मी तो उडवून लावत नाही. पण कच्चा डेटा चव्हाट्यावर टाका असं कोणी म्हणतच नाहीये. नाव-गाव काढून, नियामक आणि स्वतंत्र रिव्ह्यू करणाऱ्यांना मागितल्यावर मिळावा, एवढंच. ३१ जूनची तारीख सापडायला पेशंटचं नाव लागत नाही.

दुसरा आक्षेप, असे नियम केले तर भारतात ट्रायलच कमी होतील, नवी औषधं उशिरा येतील. मी याचा विचार केलाय आणि काही ट्रायल कमी होतील हे मान्यही करतो. पण १५० पेशंटची आणि ओपन लेबल अशी ट्रायल, जिचा मुख्य प्रश्नच अनुत्तरित राहतो, ती कमी झाली तर नुकसान कोणाचं? फॅविपिराविरवर पुढे जगभरात ट्रायल होत राहिल्या, आणि २०२४ च्या कोक्रेन रिव्ह्यूने, म्हणजे अशा सिस्टिमॅटिक रिव्ह्यूसाठी नावाजलेल्या संस्थेच्या रिव्ह्यूने, २५ ट्रायल आणि साडेपाच हजारांहून जास्त पेशंट एकत्र करूनही मृत्यू किंवा व्हेंटिलेटर लागणं याने कमी होतं का हे सांगता येत नाही, पुरावा फार कमजोर आहे, असं म्हटलं. पक्कं उत्तर २०२० मधेच मिळवता आलं असतं, जर आपल्या देशातल्या लाखो पेशंटपैकी दोन-तीन हजारांना एका चांगल्या ट्रायलमधे घेतलं असतं. पेशंट आपल्याकडे होते, डॉक्टर होते, प्लॅसिडने दाखवलंय की ३९ हॉस्पिटलं एकत्र येऊ शकतात.

खासदार अमोल कोल्हे यांनी जुलै २०२० मधे फॅबिफ्लूच्या किमतीबद्दल आणि डायबेटिस-बीपी असलेल्यांनाही ती चालते अशा दाव्यांबद्दल तक्रार केली, औषध नियंत्रकांनी कंपनीकडे खुलासा मागितला. ते स्वतः डॉक्टर आहेत, त्यांना ट्रायलचा प्रोटोकॉल, म्हणजे आधी लिहून ठेवलेला आराखडा, वाचता येतो, आणि त्यात दिसतं की डायबेटिस-बीपीच्या पेशंटबद्दल काही सिद्ध करायची सोयच नव्हती. पण एखाद्या खासदाराच्या लक्षात येईल यावर आपण किती दिवस अवलंबून राहायचं?

आणि दिल्लीत कायदा होईपर्यंत थांबायचीही गरज नाही. राज्य सरकार स्वतः औषधांचं फार मोठं गिऱ्हाईक आहे, महाराष्ट्रात आता खरेदीसाठी वेगळं प्राधिकरण आहे. नवीन औषधाच्या टेंडरमधे एक अट घाला: ट्रायलचा सीटीआरआय नंबर द्या, पूर्ण रिपोर्ट द्या, आणि प्रायमरी आउटकम साधला नसेल तर तसं लिहून द्या. जी कंपनी देणार नाही तिचा माल सरकारी दवाखान्यात नको. एवढ्या मोठ्या खरेदीदाराने मागितलं तर रिपोर्ट मिळतात, कारण ते कंपन्यांच्या कपाटात तयारच असतात, परवानगीसाठी नियंत्रकांना दिलेलेच असतात.